हरकती व सूचना

मसुदा आलाय. एकोणीस पानं.
तळाशी : हरकती व सूचना तीस दिवसांत पाठवाव्यात.
आज अठ्ठाविसावा.

मी मल्लेशम श्रीगादी, वय सदुसष्ट,
मालवाहू जहाजांवरचा वीजतंत्री, निवृत्त,
मुक्काम सोलापूर. इथून समुद्राकडे
कुठूनही निघा, एक रात्र मोडते.
पद्मा म्हणाली, तुमचं कोण वाचणार?
म्हटलं, कुणी नाही. चहा ठेव.

आधी हे लिहितो :
इथं वीज गेली की माग थांबतो.
धोटा असेल तिथं, अर्ध्या ताण्यात, बसून राहतो.
खडखड मेली की मागच्या गल्लीतलं
तेलुगू भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं.
पोरं बाहेर येऊन तंबाखू मळतात.
टॉवेल अर्धा राहतो.
कुणी मरत नाही.

जहाजावर वीज गेली की
काहीच थांबत नाही.
हे वाक्य एकोणीस पानांत कुठं नाही.

साल विचारू नका, बंदरही.
ब्रेकर पडला. दुसरा जनरेटर थंड ठेवलेला,
डिझेल वाचवायला.
ज्यांनी वाचवलं त्यांना पुढे बढत्या मिळाल्या.
सुकाणू लाकूड झालेलं,
लाखभर टन आपल्याच जोरावर सरकत,
आणि मी खाली, टॉर्च दातांत धरून, पॅनेलपुढे.
डब्यांत काय होतं कुणास ठाऊक;
असतीलही आमच्याच पेठेतले टॉवेल,
कुठल्याशा हॉटेलात ओले पाय पुसायला निघालेले.

पूल मी पाहिला नाही.
नाळेवर नांगरापाशी दाभोळचा हुसेन परकार होता,
त्यानं नंतर सांगितलं :
वर एक बस उभी होती, आत दिवा,
खिडकीशी कुणीतरी डबा उघडून खात होतं.
खाली बघितलंही नाही त्या माणसानं.

दोन मिनिटं वीस सेकंद.
मग दिवे आले, सुकाणू वळलं,
आणि खांब बाजूनं गेला. अंतर इतकं, की
एक टोक पुलाला, एक जहाजाला बांधून
नऊवारी वाळत घालता आली असती.

नोंदवहीत लिहिलं : नुकसान, निरंक.
निरंकाचा नियम होत नाही.
नियमाला मढं लागतं.

म्हणून, कलम सात :
‘पुलाजवळ शक्यतो टग सोबत घ्यावी.’
यातला ‘शक्यतो’ काढा.
आमच्याकडे पत्रिकेवर छापतात, शक्यतो आहेर आणू नये,
आणि दारात वही घेऊन मेव्हणा बसतो.

कलम नऊ : जनरेटर दोन. दोन्ही चालू,
पूल पाठीमागे पडेपर्यंत.
नांगरापाशी माणूस हवा. जागा.

आणि खांबांचं तर तुम्ही लिहिलंच नाही.
इथं रेल्वेपुलाच्या अलीकडे एक लोखंडी कमान आहे,
पिवळी-काळी, ठोकरून ठोकरून वाकडी.
उसाचा ट्रक आधी तिला भिडतो,
ड्रायव्हर शिव्या देत मागे घेतो,
वरून गाडी निघून जाते, डब्यातल्या कुणाला पत्ता नसतो.
दोनशे रुपयांच्या उसासाठी एवढी अक्कल आपल्याला आहे.
पाण्यातल्या खांबाभोवती दगडांचं बेट घालायला
कसली वाट बघताय

इथवर लिहिलं आणि वीज गेली.
माग थांबला.
शेजारी कुणीतरी सुनेला काहीतरी बोललं, सगळं ऐकू आलं.
मी उभा. हात भिंतीवर, ओठांत आकडे.
पद्मा काही म्हणत नाही, तिला सवय आहे.
एकशे अडतीस. एकशे एकोणचाळीस.
एकशे चाळीसला मी श्वास सोडतो, दरवेळी,
वीज आली असो नसो.

आली नाही.
बाहेर तंबाखूची चुटकी वाजली, कुणी हसलं.
पद्मानं मेणबत्ती कागदाजवळ ठेवली,
जरा लांबच.